मीठ आक्कांच्या हातचं

कॉलेजच्या अंकासाठी अनुभव लिहून द्या, असं आमच्या सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. बाकीच्या मुलांकडे सहली आहेत, नाटकं आहेत, पुण्या-हैदराबादचे नातेवाईक आहेत. मी सकाळ-संध्याकाळ चुलीपुढं असतो. मी स्वयंपाकी आहे हे वर्गात फारसं कुणाला ठाऊक नाही. पण विचार केला, माझ्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिला, आणि मला इथं टिकवलं ते चुलीनं. तेव्हा तिच्याविषयीच लिहावं. नीट जमेल की नाही सांगता येत नाही.

आमची वस्ती चारठाण्याच्या पलीकडच्या माळावर. वडील मेंढरं राखतात. निजामाचं राज्य गेलं त्या सुमाराला मीही मेंढरांमागंच होतो. मग मराठी शाळा जवळ आली, मास्तरांनी मला धरून बसवलं, आणि एकातून एक होत मी परभणीला पोचलो. कॉलेजात नाव लागलं, पण राहायला जागा नाही आणि जेवायला घर नाही. कुणीतरी सांगितलं, गुरुबाई आक्कांकडे जा, त्यांना पाणी भरायला माणूस हवा आहे.

आक्का वीरशैव समाजातल्या. यजमान वारल्यावर त्या घरीच खानावळ चालवू लागल्या. पाटी नाही, बाकडी नाहीत. ओसरीवर पाट मांडायचे आणि आठ-नऊ जणांची पंगत बसवायची, एवढंच. कचेरीतले लोक, शाळेतले एक मास्तर, दोन-तीन विद्यार्थी. घर शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण सोमवारी आणि सणाला बंद. मी विहिरीचं पाणी भरायचो, सरपण फोडायचो, आणि बदल्यात दोन वेळचं जेवण व मागची पडवी मला मिळायची.

त्या वर्षी आषाढात आक्का विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दिवाळीपर्यंत हात हलवायचा नाही असं बजावलं. घरात दुसरं बाईमाणूस नाही. त्या दिवशी दुपारी चूल तशीच थंड होती. आक्का तिच्यापुढं बसून म्हणाल्या, “मारोती, भाकर येती का रे तुला?”

“येती. पण मेंढरामागची.”

“म्हंजे कशी?”

“तीन दगडाच्या चुलीवरची. मोठी.”

“मग बस. आंघोळ करून ये आदी.”

अशी माझी नोकरी लागली. संध्याकाळी पंगतीत माझी पहिली भाकरी मास्तरांच्या ताटात पडली. ती ताटाच्या काठाबाहेर गेली. मास्तर ती दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, “आक्का, ही खायची हाय की गाडीला बसवायची?” सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. दुसऱ्या दिवसापासून उंडा लहान घेऊ लागलो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नऊ माणसांचा स्वयंपाक म्हणजे एका माणसाच्या स्वयंपाकाची नऊपट नव्हे. डाळ नऊपट लागते, पण पाणी तेवढं लागत नाही, आणि तिखट तर मुळीच नाही. सरपणाचंही असंच. भाकरीला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, कारण त्या भडभडून पेटतात आणि तवा लगेच तापतो. डाळीला बाभळीचं लाकूड, कारण ते सावकाश जळतं. मी पहिल्या आठवड्यात उलट केलं होतं. भाकऱ्या वातड झाल्या आणि डाळ करपली. आक्का पाटावर बसून सांगायच्या आणि मी करायचो. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून कशी घोटायची, येसर आमटीत कधी सोडायचा, कारळाची चटणी कुटताना मुसळ कुठं थांबवायचं. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते लावलं की साधी तुरीची आमटी दाट होते आणि दोन भाकऱ्या जास्त जातात. दूध-तुपाची आमच्याकडे चैन नव्हती. करडई वाटून तिचं दूध काढायचं आणि त्यात गव्हाची खीर करायची. ते दूध उकळताना हात थांबला तर फुटतं. पहिल्यांदा माझा हात थांबला होता.

पण खरी अवघड गोष्ट वेगळी होती. या स्वयंपाकघरात चाखायचं नाही. आक्कांच्या गळ्यात लिंग आहे. त्यांची पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न कुणी तोंडात घालायचं नाही. मी त्यांना विचारलं, “मग मीठ बरोबर पडलं हे कळतं कसं?”

“मीठ जिभेनं न्हाई पडत, हातानं पडतंय,” त्या म्हणाल्या. “वास घे, वाफ बघ, डाळीचा आवाज ऐक. रोज केलं की हाताला कळायलंय आपोआप.”

मला ते खरं वाटलं नव्हतं. पण दहा-पंधरा दिवसांत माझ्या हाताला खरंच थोडं कळू लागलं. पंगतीत कुणी मीठ मागेना. मला फार आनंद झाला होता.

आणि तेव्हाच नाझरसाहेबांच्या लक्षात आलं.

नाझरसाहेब म्हणजे कचेरीतले देखरेखीचे अंमलदार आणि आमच्या पंगतीतले सर्वांत वडील. समाज आक्कांचाच. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळाला भस्म. कुटुंब उदगीरकडे. सगळी नोकरी उर्दूत झालेली. आता कचेरीत मराठी आली, म्हणून ते उतारवयात मराठी मसुदे गिरवत होते आणि हिशेब मात्र अजून उर्दूतच पुटपुटत होते. माणूस मायाळू. माझ्या अंगात जो कोट वर्गातल्या मुलांनी पाहिला आहे तो त्यांचाच. “कॉलेजात जायलास, अंगावर काही बरं पाहिजे,” म्हणून त्यांनी तो स्वतः माझ्या खांद्यावर टाकला होता. त्यांची समजूत अशी होती की मी फक्त पीठ मळतो आणि भाकऱ्या थापतो, बाकी सगळं आक्का डाव्या हातानं करतात. एक दिवस ते पाणी मागायला आत डोकावले आणि मी पातेल्यात मीठ टाकताना त्यांनी पाहिलं.

त्या रात्री ते जेवायला बसले नाहीत. ओसरीवर उभे राहूनच बोलले.

“आक्का, पोरगं चांगलं हाय, माझी तकरार न्हाई. पण मी लिंगधारी माणूस. धनगराच्या हातचं रांधलेलं मला चालत न्हाई. तुमी हे मला सांगायला पाहिजे होतं.”

“सांगते की आता,” आक्का म्हणाल्या. “हात मोडलाय माझा. तुमी रांधा मंग.”

“चेष्टा करू नका.”

“चेष्टा न्हाई करायले. चूल पेटली न्हाई तर नऊ माणसं उपाशी. काय करू म्हणता?”

मी आत दाराआड उभा होतो. मला कळत होतं की नाझरसाहेब गेले तर त्यांच्या कचेरीतले दोघेही त्यांच्या मागं जातील. मग उरलेल्यांवर घर चालणार नाही. आक्कांचा भाऊ त्यांना गावी न्यायला टपलेलाच होता. आणि मला माळावर परत जावं लागेल. परीक्षा फाल्गुनात होती.

नाझरसाहेब डबीवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी तोड काढली. “मीठ पडेपर्यंत ते अन्न न्हाई, नुसता शिधा हाय. शिध्याला कुणाचा हात लागला तरी दोष न्हाई. पोरानं सगळं अळणी रांधावं. मीठ तुमी घाला, आक्का. मीठ तुमच्या हातचं, म्हंजे अन्न तुमच्या हातचं. मला बिलकुल चालेल.”

हा नियम कुठल्या पोथीतला की कचेरीतला, ते मला आजवर कळलेलं नाही. पण आक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि “बरं” म्हटलं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण रागावताही येईना, कारण कोट अंगातच होता.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं अळणी रांधू लागलो आणि आक्का डाव्या हातानं मीठ घालू लागल्या. इथंच गंमत झाली. आक्कांना जे कळत होतं ते उजव्या हाताला. डावा हात अडाणी होता. एक दिवस भाजी अळणी, दुसऱ्या दिवशी आमटी खारट. मास्तर म्हणाले, “आक्का, तुमचा डावा हात समुद्राकडचा दिसतोय.” मग आक्का चिडून कमी घालायच्या आणि वरण पाण्यासारखं लागायचं.

मी एक युक्ती केली. वाटीत माझ्या अंदाजानं मीठ काढून ठेवलं, आक्कांनी ती वाटी नुसती उपडी करायची. दोन दिवस पंगत खूश होती. तिसऱ्या दिवशी नाझरसाहेबांनी घास घेतला आणि विचारलं, “आक्का, आज माप कुणाचं?”

आक्का खोटं बोलत नाहीत. “मारोतीचं.”

“मग झालं काय? माप ज्याचं, हात त्याचाच. असं न्हाई चालायचं.”

मास्तर म्हणाले, “साहेब, डाव्या हातचं मीठ चालतं तुमाला, आन् ह्याच्या उजव्या हातचं न्हाई?”

“डावा असला तरी आक्कांचा हाय,” नाझरसाहेब म्हणाले आणि जेवू लागले. पण ते थोडे ओशाळले होते, असं मला वाटलं.

त्यांची दुसरी अडचण अशी की, त्यांच्यात ताटात घेतलेलं टाकत नाहीत. ते प्रसाद मानतात. शेवटी ताटात पाणी ओतून, बोटांनी ताट धुऊन ते पाणीही पितात. बाकीचे लोक खारट आमटी वाटीत ठेवून उठत. नाझरसाहेबांना ते करता येत नसे. डोळ्यांत पाणी आलं तरी ते शेवटच्या घासापर्यंत जेवत, ताट धुऊन पीत, आणि मग ओसरीच्या कोपऱ्यातल्या रांजणाकडे जात ते बराच वेळ परत येत नसत. मला त्यांची दया येई. आक्काही झुरू लागल्या होत्या. “माझ्या घरची चव गेली रे,” असं त्या एकदा मला म्हणाल्या. कामट्या बांधल्या तेव्हाही त्यांचा आवाज असा झाला नव्हता.

याच दिवसांत माझे वडील मेंढरं विकायला परभणीला आले आणि मला भेटायला मागच्या दारी उभे राहिले. मी चुलीपुढं होतो. ते म्हणाले, “बाईमाणसाचं काम शिकाया कालेजात आलास व्हय रे?” मी भाकरी-आमटी वाढली. त्यांनी मान वर न करता खाल्ली, आणखी एक भाकरी मागितली आणि जाताना आक्कांना म्हणाले, “पोरगं इथंच ऱ्हाऊ द्या, माय.” त्यांना मिठाचा घोळ ठाऊक नव्हता. आमटीत त्या दिवशी मीठच नव्हतं. 

श्रावणात नाझरसाहेबांनी आक्कांना स्वच्छ सांगितलं. “आक्का, इतकी वर्षं तुमच्या पंगतीला जेवलो. पण पोटाला तकलीफ व्हायलीय. येत्या सोमवारचा उपास इथं सोडतो. मंगळवारपासून माझा न् कचेरीतल्या दोघांचा इंतजाम ठेसनाकडच्या खानावळीत करतो.”

आक्का म्हणाल्या, “सोमवारी पोटभर जेवा. मग जा.”

श्रावणी सोमवारी सगळ्या घराला दिवसभर उपास. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी पंगत. आक्कांना ते जेवण चांगलं करायचंच होतं. येसर लावलेली तुरीची आमटी, कर्टुल्यांची भाजी, भात, पोळ्या, करडईच्या दुधातली खीर. मी दुपारपासून लागलो. कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवली. खिरीचं दूध ढवळताना हात एकदाही थांबवला नाही. मग आक्का पुढं आल्या. त्यांनी आमटीत मीठ घातलं. एवढ्यात बाहेरून नाझरसाहेबांनी पूजेला पाणी मागितलं. त्या पाणी देऊन आल्या, मिठाच्या बरणीत हात घातला, आणि भाजीच्या ऐवजी पुन्हा आमटीतच मीठ सोडलं. माझी पाठ होती. मी खीर उतरवत होतो. आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि उपासाच्या दिवशी चाखणार कोण?

पंगत बसली. नाझरसाहेबांनी डबी उघडून लिंगपूजा केली, नैवेद्य दाखवला, आणि आमटीभाताचा पहिला घास घेतला.

घास तोंडात तसाच राहिला. त्यांचे डोळे मोठे झाले. मास्तरांनीही तोवर घास घेतला होता.  त्यांनी हात थांबवून आक्कांकडे पाहिलं.

आक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कळलं. दिवसभराची उपाशी नऊ माणसं, शेवटची पंगत, आणि आमटी तोंडात धरवत नाही. त्यांचा चेहरा मला पाहवेना.

“उठू नका कुणी,” मी म्हणालो. त्या घरात मी मोठ्यानं बोललो तो पहिलाच प्रसंग. “आमटी बाजूला ठेवा. जरा थांबा.”

उरलेल्या आमटीचं पातेलं मी चुलीवर चढवलं. बाजूला काढून ठेवलेली शिजलेली अळणी डाळ त्यात ओतली, आधणाचं पाणी ओतलं. गरम पोळ्यांसाठी ठेवलेली फडक्याखालची कणीक अळणीच होती. तिच्या पोळ्या लाटल्या, सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडले आणि उकळत्या आमटीत सोडले. अळणी कणीक शिजताना मीठ पिते, हे आक्कांनीच कधीतरी सांगितलं होतं. आमटीची वरणफळं झाली. पंगतीला वाढायचं ते उष्टं करायचं नाही, म्हणून चाखता येत नव्हतंच. वाफेवर नाक धरलं, आवाज ऐकला. बुडबुड जड झाली तेव्हा उतरवलं.

तोवर बाहेर नाझरसाहेब आपल्या ताटातला तो खारट आमटीभात एकेक घास करून संपवत होते. टाकायचं नव्हतं ना. त्यांनी तो संपवला.

मी वरणफळं वाढायला आणली.  आधी मास्तरांनी ताट पुढं केलं, मग कचेरीतल्या दोघांनी. नाझरसाहेबांनी एक फळ खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि एक मोठा श्वास सोडला. मग त्यांनी भाजीचा घास घेतला आणि थांबले. भाजीत मीठ अजिबात नव्हतं.

“आक्का, भाजीला मीठ वाढा जरा.”

आक्कांनी बरणी आणली. डावा हात आत घातला आणि तसाच बाहेर काढला. 

“नाझरसाहेब,” त्या म्हणाल्या, “माझा हात मलाच ओळखू येईना गेलाय. शिवाच्या वारी तुमच्या ताटात समुद्र ओतला मी. आता या हातानं न्हाई घालणार. तुमी जावा न्हाईतर ऱ्हावा.” त्यांनी बरणी पंगतीच्या मधोमध ठेवली आणि त्या आत गेल्या.

बरणी नाझरसाहेबांच्या हाताच्या अंतरावर होती. पण आमच्याकडे उष्ट्या हातानं वाढायच्या भांड्याला कुणी शिवत नाही, आणि जेवताना डावा हात कुणी लावत नाही. नाझरसाहेबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्याची बोटं आमटीनं भरली होती. मग डाव्याकडे पाहिलं. पंगतीत सगळ्यांचे हात तसेच होते. सबंध ओसरीवर एकच हात स्वच्छ आणि उजवा होता, आणि तो माझा.

  मग नाझरसाहेब ताट माझ्याकडे थोडं सरकवून म्हणाले, “मारोती, मीठ वाढ.”

मी बरणीपाशी बसलो. “किती वाढू, साहेब?”

“तुझ्या अंदाजानं.”

मी वाढलं. त्यांनी ते भाजीत कालवलं आणि जेवले. मग वरणफळं पुन्हा मागितली, खीर दोनदा घेतली, ताट धुऊन पाणी प्याले. आतून आक्कांच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, “काल उपासाची भूक होती, म्हणून चाललं.” मी “होय” म्हणालो. पण ते ठेसनाकडं गेले नाहीत. संध्याकाळी नेहमीच्या पाटावर येऊन बसले आणि मीठ कुणी घातलं हे त्यांनी विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. दिवाळीत आक्कांच्या कामट्या सुटल्या, हात बरा झाला, तरी त्यांनी बरणी माझ्याच बाजूला राहू दिली.

नाझरसाहेबांचा नियम बदलला असं मी म्हणणार नाही. तेवढं मला कळत नाही. पण बदली होऊन जाईपर्यंत रोज ताट धुऊन उठताना ते माझ्याकडे न पाहता एवढंच म्हणत, “बरोबर होतं.” कॉलेजच्या कुठल्याही परीक्षेत मला यापेक्षा चांगला शेरा अजून मिळालेला नाही. त्यांचा आणि आक्कांचा मी फार ऋणी आहे.